चार सुती फेटे

माझ्या थोरल्या काकांनी रंगभूमीवर देह ठेवला.

हे वाक्य माझं नाही, वडिलांचं आहे. लग्नाच्या पंगतीत, साखरपुड्यात, दहाव्याला नदीकाठी, आणि एकदा तर दाढ काढायला गेले असताना डॉक्टरांच्या खुर्चीतही त्यांनी ते म्हटलेलं मी ऐकलं आहे. म्हणताना ते आवाज खाली आणत आणि 'रंगभूमीवर' या शब्दानंतर जरा थांबत. ऐकणारा क्षणभर मान खाली घाली आणि पंगत असेल तर पुन्हा जिलेबीकडे वळे. वडील आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

घरात पुरावाही होता. नगरच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीत काकांचा मोठा फोटो लावलेला होता. अंगात पत्र्याचं चिलखत, कमरेला तलवार, गोंदाने चिकटवलेल्या मिशा, नजर छायाचित्रकाराच्या डोक्यावरून पार दिल्लीच्या तख्ताकडे. फोटोला चंदनाच्या सालीचा हार. पाहुणे आले की आधी तिकडे बघत आणि मग बसत.

त्याच काळात महिन्या-दोन महिन्यांनी वडील मला सायकलवर पुढे बसवून भिंगारला नेत. तिथे लष्कराच्या डेपोतल्या कामगारांची वस्ती होती, तिच्या मागच्या बाजूला एक भाड्याची खोली होती आणि त्या खोलीत लोखंडी खाटेवर एक माणूस पडून असे. उजवा हात छातीशी दुमडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, मिशी साफ काढलेली. खोलीला फिनेलचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास. वडील म्हणत, "काकांच्या पाया पड." मी पडे. त्यांचा एक पाय गरम असे आणि एक गार.

मला दोन थोरले काका आहेत असंच मी लहानपणी धरून चाललो होतो. एक फोटोतले, मेलेले आणि मोठे. दुसरे भिंगारचे. दोघांच्या बायका वेगळ्या असायला हव्यात हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण काकू एकच होत्या आणि त्या फक्त भिंगारला दिसत. आमच्या घरी त्या क्वचित येत. एका दिवाळीत आल्या होत्या, तेव्हा चपला काढून आत आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या, स्टुलावर चढून त्यांनी फोटोचा हार काढला, घडी केल्यासारखा दुमडला आणि टेबलावर ठेवला. फराळ झाला. त्या गेल्यावर आईने हार परत घातला.

मी सातवीत असताना, आषाढात, भिंगारचे काका गेले. वडील "जाऊन येतो" एवढंच म्हणून गेले आणि संध्याकाळी अंघोळ करून घरात आले. दहा-बारा दिवस झाले तरी भिंतीवर काही फरक नव्हता. मी आईला विचारलं, "या काकांचा फोटो लावायचा नाही का?"

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लावलेलाच आहे की."

तेव्हा माझे दोन काका एक झाले. पण झाले म्हणजे नुसते नावापुरते. चिलखतवाला माणूस त्या खाटेवर कसा पोहोचला हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. वडिलांचं वाक्य चालू राहिलं. वडील वारले तेव्हा शोकसभेत कुणीतरी त्यांची ओळखही 'रंगभूमीवर देह ठेवणाऱ्या नटवर्यांचे धाकटे बंधू' अशीच करून दिली.

गेल्या वर्षी नेवासा तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाहून फोन आला. देवळासमोर पक्का रंगमंच बांधून झाला होता आणि त्याला काकांचं नाव द्यायचं ठरलं होतं. फोनवर समितीचे अध्यक्ष होते. हे गृहस्थ त्या समितीचे अध्यक्ष आहेत तसे आणखीही बऱ्याच समित्यांचे आहेत. तरुणपणी साखर कारखान्याचे संचालक होते.

"तुम्ही पुस्तकं लिहिता," ते म्हणाले. "घरातलाच लेखक असताना मजकूर बाहेरून कशाला घ्यायचा? कोनशिलेसाठी चार ओळी. दगड लहान आहे, पण भारदस्त पाहिजे. आणि काकांचे फेटे, शाली, ढाली जे काय असेल ते काकूंकडून आणा. आपण काचेचं कपाट करतोय."

"मजकुरात काय हवंय?"

"ते तर जगजाहीर आहे. 'याच रंगमंचावर देह ठेवला.' मी स्वतः होतो तिथे. शेवटचा फेटा मी बांधला."

हे मला नवीन होतं. चार ओळी लिहायच्या तर आधी त्या रात्री काय झालं ते समजून घ्यावं म्हणून मी घोडेगावला गेलो. काकांच्या नाटकात वर्षानुवर्षं स्वामिनिष्ठ सेवकाचं काम करणारे एक गृहस्थ तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाली करत. आता दलाली मुलगा करतो, ते बाजाराच्या दिवशी लिंबाखाली नुसते येऊन बसतात आणि मुलाने केलेल्या प्रत्येक व्यवहारावर नाराज होतात. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आधी चहा पाजला आणि मग माझ्या नाकाकडे बघून म्हणाले, "नाक त्याचंच हाय. आवाज न्हाई."

इथे एक पद्धत सांगायला हवी. आमच्या भागात जत्रेच्या नाटकात मान्यवरांकडून नटांचा सत्कार होतो, आणि तो नाटकाच्या मध्येच होतो. संपल्यावर करून उपयोग नसतो, कारण तोवर लोक उठून गेलेले असतात आणि सत्काराला लोक लागतात. काकांच्या बाबतीत तो शेवटच्या अंकात, ते मरून पडले की लगेच होई, कारण त्या वेळी झाडून सगळे जागे असत. काका रणांगणात पडत. माइकवाला विंगेतून येई. मान्यवर वर चढत. मेलेले काका उठून उभे राहत, फेटा बांधून घेत, नारळ घेत, लोकांना मुजरा करत आणि फेट्यासकट पुन्हा जागेवर जाऊन मरत. मग सेवक त्यांचं डोकं मांडीवर घेऊन विलाप सुरू करी. शत्रूशी लढताना पडलेल्या सरदाराच्या डोक्यावर कोरा गुलाबी फेटा कसा, असं कुणाच्या मनातही येत नसे. फेटे जितके जास्त तितका नट मोठा.

रंगमंच तेव्हा नव्हताच. उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून त्यावर फळ्या टाकत.

"त्या दिशी तो उठंना," सेवकाचं काम करणारे गृहस्थ म्हणाले. "मी हळूच म्हनलं, आरं उठ, पावनं हुबं हायती. न्हाई उठला. मी चिमटा काढला. तरी न्हाई. मला वाटलं, आज गडी लई रंगलाय."

"मग?"

"मग काय. माइकवाला हुशार. म्हनला, बघा मंडळी, मरन म्हंत्यात ते ह्येला! समरस झालाय नटसम्राट! टाळ्या न शिट्ट्या. आन पुढाऱ्यांची पंचाईत झाली. आनलेला फेटा परत न्यायचा कसा? म्हनले, हा उठत न्हाई तर आपून वाकू. पर आधी कोन वाकनार?"

समोरून एकाने विकत घेतलेली गाय ओढत नेली. गाय यायला तयार नव्हती. त्यांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली आणि पुढे सांगितलं.

"सरपंच म्हनला, मी गावचा पैला मानूस. सोसायटीचा चेअरमन म्हनला, ट्रॉल्या माज्या हायत्या. जत्रा कमिटीवाला तर रुसून खालीच उतरला, त्येला हाताला धरून वर आनला. ह्या सगळ्यात येळ गेला."

"किती?"

"घड्याळ कोन बघतंय तितं? लोकांच्या बिड्या वडून झाल्या, दुसऱ्या पेटल्या. शेवटी चौघांनी बांधले. एकावर एक. शेवटचा कारखान्याच्या त्या पोरसवदा संचालकानं. आता तुमचा अध्यक्ष हाय न्हवं का, त्योच. त्येनं तर कडक तुरा बी काढला. पडल्या मानसाला."

"तुम्हाला कळलं कधी?"

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"त्याचा एक डोळा उघडा हुता. माज्याकडं बघत हुता. तोंडातनं लाळ आल्ती, मला वाटलं पान खाल्लंय. पर त्यो डोळा... मला काय तरी वाटलं बरं का. वाटलं. पर माजा डायलॉग सुरू झाल्ता."

"थांबवता आला नसता?"

"आला असता की. पर लोकांनी वन्समोर दिला. बत्तीस वर्सं सेवक केला मी, भाऊ. वन्समोर दर टायमाला त्यालाच. मला एकदाच मिळाला, त्या दिशी." ते जरा वेळाने म्हणाले, "घेतला मी."

विलाप दुसऱ्यांदा पूर्ण झाल्यावर पडदा पडला, तेव्हा काका उठले नाहीत. मंडपवाल्याच्या टेम्पोत, कनाती आणि खुर्च्यांच्या मध्ये टाकून त्यांना नगरला आणलं. डोक्यावरचे फेटे सोडवण्यातही वेळ गेला, गाठी एकात एक अडकल्या होत्या.

मी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्यांनी खांदे उडवले. त्या काळी, त्या रस्त्याने, कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित थोडा पडला असता. जीभ तरी वाचली असती, असं म्हणाले आणि मग म्हणाले, तेही सांगता येत नाही. म्हणजे दोष कुणाला द्यावा अशी सोयही उरलेली नाही.

बाकीचं आपोआप घडलं असावं. नगरच्या एका छोट्या वर्तमानपत्राने 'नटवर्य रंगमंचावर कोसळले' असं छापलं. पुढच्या जत्रेत माइकवाल्याने 'कोसळले'चं 'देह ठेवला' केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. वडील समोर बसले होते. ते उठून म्हणू शकले असते की माझा भाऊ भिंगारला आहे, सकाळीच त्याला पेज भरवून आलोय. ते शांततेत उभे राहिले. परत येताना नगरच्या बाजारातून त्यांनी चंदनाचा हार आणला. आईकडून हे मला नंतर कळलं. भाऊ मेला असं त्यांनी कधी म्हटलं नाही. 'देह ठेवला' हे म्हटलं की त्यांना मेला म्हणावं लागत नसे.

मजकूर घेऊन मी भिंगारला गेलो. काकू अजून त्याच खोलीत राहतात. खाट गेली, त्या जागी शिवणाचं मशीन आहे. मूलबाळ नाही. पाठ वाकली आहे, पण हाताला ताकद आहे. माझ्या हातातली पिशवी त्यांनी अशी घेतली की मी जरा पुढे झोकांडलो. नऊ वर्षं एका दांडग्या पुरुषाला कुशीवर वळवत राहिलं की हात तसेच राहत असावेत.

त्या मेथी निवडायला बसल्या. मी समितीला हवी असलेली ओळ वाचून दाखवली.

"कवा ठेवला म्हनं?"

"जत्रेच्या दिवशी."

"आन मग हितं कोन हुतं?"

मी कागद खाली ठेवला.

"सांग की. तू एवढी बुकं लिवतो. तुमच्या दगडापरमानं माजं कुंकू त्या दिशीच पुसलं. मग त्याम्होरं नऊ वर्सं मी कुनाच्या नावानं लावलं? हिरव्या बांगड्या घालून वान घ्यायला गेल्ते मी बायांत. त्या दगडाम्होरं हुबं राहून बाया हिशेब करतील न्हवं?"

"काकू, एवढं कुणी मोजत नाही."

"मी मोजल्यात."

मेथीची जुडी संपली. दुसरी घेतली. तोडायचा वेग तोच होता.

पहिल्या वर्षी माणसं येत, त्या सांगू लागल्या. गावोगावची, नाटकवेडी. येत आणि म्हणत, एखादं वाक्य म्हणा, शेवटच्या अंकातलं. काकांना बोलता येत नव्हतं. ते रडत. या आजारात माणूस कारण नसताना रडतो किंवा हसतो, असं दवाखान्यात सांगितलं होतं. माणसांना वाटे, काय हे हळवं मन, काय हा कलावंत. डोळे पुसून जात. एकदा एक जण आला तेव्हा काका हसत सुटले. तो परत आला नाही. दुसऱ्या वर्षी कुणीच आलं नाही. शेवटी घाटावर न्यायची वेळ आली तेव्हा खांद्याला चार माणसं जमवताना वडिलांची दमछाक झाली. मंडळी यायला नाही म्हणाली असं नाही. त्यांचं काकांच्या मागचं सगळं आधीच करून झालं होतं.

"एकदा," काकू म्हणाल्या, "पाठीला जखमा झाल्त्या. मी धुवत हुते. माजा जीव विटला. मी ह्यांना म्हनलं, तितंच मेला असता तर बरं झालं असतं. त्या फळ्यांवर. आयकलं ह्यांनी. दोन दिस तोंड उघडलं न्हाई, घास घातला की गळायचा."

मला वाटलं आता मजकुराचा प्रश्न सुटला. मी म्हणालो, "म्हणजे तुम्हालाही वाटलं होतं की..."

"व्हय, वाटलं. पर ते मी म्हनायचं," त्या म्हणाल्या. "दगडानं न्हाई."

कपाटाचं विचारायचं राहिलं होतं. फेटे आहेत का म्हटल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

"हुते की. पेटी भरून हुते. शाली बी. शाली काय कामाच्या न्हाईत बघ, त्या पानी पीत न्हाईत. खाली घातली की सगळं वघळून गादीत. फेटे पितात. सुती असतात ना, पहिले तरी असायचे. एका फेट्याचे दहा तुकडे हुयाचे. धुवायचे, उकळायचे, परत. सगळी पेटी अशीच गेली. त्या रातचे चार लई टिकले. त्यात तो कारखान्याच्या पोराचा तर एवढा मऊ. सांग त्येला. उपेगी पडला म्हनावं."

मी सांगितलं नाही. अध्यक्षांना मी फोनवर एवढंच कळवलं की फेटे काळाच्या ओघात जीर्ण झाले. ते म्हणाले, हरकत नाही, कपाटात नवीन ठेवू.

मग मी माझा मजकूर वाचून दाखवला. 'याच गावात नाटकात काम करीत असताना अर्धांगवायूचा झटका. त्यानंतर नऊ वर्षांनी भिंगार येथे निधन.' पलीकडचा माणूस शाळेच्या मास्तरासारखा मनातल्या मनात लाल पेन शोधतो आहे असं वाटलं.

"अर्धांगवायू? दगडावर?" ते म्हणाले. "अहो, रंगमंचाचं उद्घाटन आहे, दवाखान्याचं नाही."

"पण झालं तसंच."

"झालं असेल. मी नाही म्हणत नाही. पण मी तिथे होतो साहेब. मी वाकलो, फेटा बांधला, त्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी पाहिलंय. तो माणूस तिथेच संपला होता. पुढे जे काय झालं ते..." त्यांना शब्द सापडला नाही. "ते वैद्यकीय."

मला त्यांची अडचण कळत होती. काका फळ्यांवर गेले असतील, तर यांनी एका महान कलावंताला अखेरचा मान दिला. गेले नसतील, तर यांनी झटका आलेल्या माणसाच्या डोक्याला तुरा काढला आणि टेम्पोला उशीर केला. हे बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. इतकी वर्षं तेही काकांबद्दल बोलताना वडिलांसारखेच मध्ये थांबत आले होते.

भिंगारहून निघताना काकूंनी दिलेला निरोप मी सांगितला. मरणाची तारीख खरी घातली तर त्या येतील. नाही तर येणार नाहीत.

हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. नटवर्यांच्या पत्नीच आल्या नाहीत तर सत्कार कुणाचा करायचा? पत्रिकेत त्यांचं नाव छापून झालं होतं, मंत्रिमहोदयांच्या खाली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"काकू म्हणतील ती तारीख घालू. मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठवा. पण वाक्य राहू द्या. गावाच्या भावना आहेत."

मी काकूंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तारीख घालतो म्हनला ना? मग झालं."

उद्घाटनाला मंत्री येणार होते, त्यांचे बंधू आले. तेही उशिरा. तोवर मान्यवरांनी एकमेकांचे सत्कार करून घेतले. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आणि स्टेजचंच चित्र असलेली एक फ्रेम. जुने सेवक गृहस्थही आले होते. त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते माइकसमोर उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं आणि विलापाचं ते जुनं भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्यानंतर विसरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली येऊन माझ्या शेजारी बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत बोलले नाहीत. एकदा फक्त ओठ हलताना दिसले. बहुधा तिसरं वाक्य आठवलं असावं.

काकूंचा नंबर शेवटी लागला. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. नाव पुकारलं, त्या उठल्या नाहीत. माइकवाला म्हणाला, मातोश्रींना भावना अनावर झाल्या आहेत. त्यांचे गुडघे धरले होते. गाडीतून उतरतानाच मला म्हणाल्या होत्या, मला कुनी उठवू नका. मग अध्यक्ष त्यांच्यासमोर वाकले. आता बायकांनाही फेटे बांधतात, तशी पद्धत पडली आहे. वाकून, त्यांनी काकूंच्या पदरावरून फेटा बांधला आणि तुरा काढला. हात चांगला होता त्यांचा. अंगावर शाल घातली. काकूंनी शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं आणि सोडून दिलं. मग हात वर नेऊन फेट्याचं कापड चाचपलं.

"ह्यो चांगला हाय," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "सुती."

अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांनी माइकवर सांगितलं की मातोश्रींनी आशीर्वाद दिला.

नंतर, गर्दी जेवणाकडे वळल्यावर, मी त्यांना दगडाजवळ नेलं. तो रंगमंचाच्या दर्शनी भिंतीत गुडघाभर उंचीवर बसवला आहे. फेटा त्यांनी काढून, चौकोनी घडी करून पिशवीत टाकला होता. त्यांना अक्षरं सावकाश वाचता येतात, आकडे चटकन. खाली बसता येईना, म्हणून मी खुर्ची आणली. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. दिवस, महिना, साल. प्रत्येकावर जरा थांबल्या.

"बरोबर हाय," म्हणाल्या.

"वरची ओळ वाचू का?"

"नगं. वरचं त्यांचं, खालचं माजं."

त्या उठल्या आणि आम्ही जेवायला गेलो. मटकीची आमटी चांगली झाली होती.

दगड आजही तसाच आहे. त्यावर लिहिल्याप्रमाणे माझ्या थोरल्या काकांनी याच रंगमंचावर देह ठेवला, आणि तो आषाढात ठेवला. आमच्या गावात आषाढाच्या पावसात नाटकं होत नाहीत. रंगमंचाला अजून पत्रेही बसायचे आहेत.